केरीचे बक्षी

गेल्या वर्षी आपल्या शहरातील एका छोट्याशा सभेत ‘ग्वाल्हेर आणि गोमंतक’ या विषयावर चार शब्द बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मी गाण्याचा मास्तर. साहजिकच बोलणे गाण्याचे झाले. येथे निसार हुसेनखाँ साहेबांकडे शिकलेले रामकृष्णबुवा वझे हे सावंतवाडीकडच्या वझरे गावचे, हे सांगितले. ओघात केसरबाई केरकरांचे नाव आले, आणि बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, “याच केरी गावाने शिंदेशाहीला जिवबादादा बक्षी दिले!” टाळ्या पडल्या. मलाही वाक्य साधल्यासारखे वाटले.

सभा संपल्यावर, गोव्याहून लेकीकडे आलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, बोललात छान. पण केसरबाईंची केरी फोंड्याची. जिवबादादांची केरी पेडण्याची. तिसरी सत्तरीत आहे. आमच्याकडे केरी पुष्कळ.”

शिष्याचा गंधार केसभर ढळला तरी तानपुरा खाली ठेवायला लावणारा मी. आणि येथे मी एका मोठ्या पुरुषाचे गावच बदलून टाकले होते! ती चूक चारचौघांत झाली, म्हणून तिची दुरुस्तीही चारचौघांतच व्हावी, यासाठी हा लेख.

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत दरबारी गवई होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबाराच्या आठवणी सांगताना मैफली, पोशाख, बिदागी यांचे कौतुक ते करीतच, पण शेवटी हटकून म्हणत, “गाणे कोणी ऐकले हे सगळे सांगतात. पगार वेळेवर कोणी दिला, हे फक्त चाकरमाणसाला ठाऊक असते.” जिवबादादांचे चरित्र वाचताना अण्णांचे हे वाक्य मला राहून राहून आठवले. कारण ‘बक्षी’ म्हणजे फौजेची हजेरी ठेवणारा आणि पगार वाटणारा अधिकारी. कोणाची हजेरी खरी, कोणाचे घोडे कागदावरचे, कोणाचा हिशेब थकला, याचा निवाडा त्याच्याकडे. शिंद्यांच्या दौलतीत तर बक्षी हा हिशेबनीसही असे आणि रणांगणावरचा सेनापतीही.

पेडणे हा गोव्याचा उत्तर टोकाचा महाल. पेडणे आणि डिचोली हे मुलूख अठराव्या शतकात बव्हंशी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली असत. पोर्तुगीज येत, घेत, परत देत. डिचोलीतल्या नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये नव्याने बांधविले, हे वाचकांस ठाऊक असेलच. या मुलखाचा शिंद्यांशी सोयरसंबंधही जुळला होता. १७६३ मध्ये वाडीच्या खेम सावंतांचा विवाह जयाप्पा शिंद्यांच्या कन्येशी, म्हणजे महादजींच्या पुतणीशी, झाला. तिकडच्या सारस्वतांनी पुढे शिंद्यांच्या चाकरीत मोठे नाव काढले. त्यांत जिवाजी बल्लाळ केरकर, म्हणजेच आपले जिवबादादा, हे अग्रगण्य होत.

त्यांच्या आयुष्यातील शिखराचे वर्ष १७८८. आदल्या वर्षी लालसोटच्या प्रसंगी महादजींना माघार घ्यावी लागली होती. आग्र्याचा किल्ला लखबादादा लाड यांनी वेढ्यात राहून टिकवून धरला. जून १७८८ मध्ये आग्र्यापाशी इस्माइल बेगाचा मोड झाला. तोवर तिकडे दिल्लीत गुलाम कादराने लाल किल्ला बळकावला, आणि १० ऑगस्टला वृद्ध बादशहा शहाआलम याचे डोळे काढले. त्या अंध बादशहाच्या सुटकेस जी मराठी फौज धावली, तिच्या पुढाऱ्यांत राणेखानाबरोबर जिवबादादा होते. ऑक्टोबरात दिल्ली आणि लाल किल्ला मराठ्यांच्या हाती आला, आणि वर्षअखेर गुलाम कादर पकडला गेला.

आता याच वर्षाचे दुसरे पान उलटून पाहावे. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात पोर्तुगीजांचे साहाय्य मिळावे म्हणून खेम सावंतांनी पेडणे महाल त्यांना देऊन टाकला, तो याच १७८८ साली! डिचोली त्याआधीच, १७८१-८२ च्या सुमारास, गेली होती. केरीचा पुत्र हिंदुस्थानच्या बादशहाला त्याच्या राजधानीत पुन्हा बसवीत होता, त्या वर्षी त्याचे स्वतःचे गाव परक्या निशाणाखाली गेले. आणि ते तेथेच १९६१ च्या डिसेंबरापर्यंत राहिले. ही बातमी त्यांना कोठे आणि कशी कळली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

पुढे १७९० ची राजपुतान्यातील मोहीम झाली. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडीस निवर्तले, आणि दौलत पंधरा वर्षांच्या दौलतरावांकडे आली. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १७९५ रोजी, खर्ड्यावर निजामाशी गाठ पडली. तेथे शिंद्यांची फौज जिवबादादांच्या हाताखाली होती. सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली लढले, अशी ही अखेरची मोठी लढाई होय. त्यानंतर वर्षाच्या आत, १७९६ मध्ये, जिवबादादा वारले.

त्यांच्या मागे काय झाले, ते पाहिले म्हणजे त्यांची थोरवी कळते. फौजेचे पगार थकले, आणि १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी ते भागविण्यासाठी पुण्याच्या प्रतिष्ठित लोकांना छळून पैसा काढला. महादजींच्या विधवा बायांची विटंबना झाली. त्यांच्या बाजूने लखबादादा आणि इतर जुने सारस्वत कारभारी उभे राहिले, आणि शिंद्यांची फौज शिंद्यांच्याच फौजेशी लढू लागली. १८०० च्या सुमारास जिवबादादांचे पुत्र नारायणराव बक्षी यांना धन्याच्याच हुकुमाने क्रूरपणे ठार करण्यात आले. १८०१ मध्ये सेंवढ्यास, आपल्या ग्वाल्हेरीपासून फारशा दूर नसलेल्या सिंध नदीच्या काठी, पेराँने लखबादादांचा पराभव केला. दोन वर्षांत लखबादादाही गेले. आणि १८०३ मध्ये दिल्ली, असई, लासवारी येथे इंग्रजांपुढे जे घडले, ते सर्वश्रुत आहे. तोफा आणि कवायती पलटणी त्या वेळीही होत्या. ज्यांच्या शब्दावर शिपाई पगार थकला तरी उभा राहत असे, ती माणसे मात्र दौलतीने स्वतःच्या हाताने संपविली होती.

जिवबादादांच्या हयातीत शिंद्यांचे राजधानीचे शहर उज्जैन होते. दौलतरावांनी आपली छावणी येथे किल्ल्याच्या पायथ्याशी आणली ती १८१० च्या सुमारास, आणि त्या छावणीचेच आज आपण राहतो ते ‘लष्कर’ झाले. म्हणजे ज्या लष्कराची हजेरी जिवबादादांनी घेतली, त्याच्याच नावाच्या वस्तीत आपली घरे आहेत. “आमचे पूर्वज शिंद्यांबरोबर आले,” असे आपण अभिमानाने सांगतो. कोठून आले, असे कोणी विचारले की माझ्यासारखे अनेकजण एक केरी सोडून दुसरी सांगतात.

या हिवाळ्यात मी पेडण्यास जाऊन आलो. केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी आहे. सुरूची झाडे, वाळू, आणि पलीकडच्या काठावर तेरेखोलचा किल्ला. तरीची वाट पाहत असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांस मी विचारले, “जिवबादादा बक्षी येथलेच ना?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “तुम्ही कुठले?”

“ग्वाल्हेरचा.”

“मग तुम्हीच सांगा ना,” ते म्हणाले. “तिकडे त्यांचे काय चालले, ते आम्हाला नीट कधी कळलेच नाही.”

तरी लागेपर्यंत अर्धा तास होता. मला ठाऊक होते तेवढे मी त्यांना सांगितले. या वेळी गाव बरोबर होते.