सेंटरपिन रीळ : देखभाल आणि जुळवणी

सेंटरपिन रिळाची रचना अगदी साधी असते. मागच्या पाटीत घट्ट बसवलेली पोलादी पिन आणि तिच्यावर मोकळा फिरणारा ड्रम, एवढाच तिचा गाभा. त्यात गिअर नसतात आणि सुटणाऱ्या तंगुसाला आपोआप रोखणारी यंत्रणाही नसते. मासा ओढ घेऊ लागला की ड्रमच्या कडेवर टेकवलेला अंगठा हाच ब्रेक. ४.५ इंच व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ३६ सेंटिमीटर भरतो. काठोकाठ भरलेल्या ड्रमच्या एका फेऱ्यात जेमतेम तेवढाच तंगूस गुंडाळला जातो.

हे रीळ वाढले ते इंग्लंडमध्ये, ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅम परिसरात. सुरुवातीची रिळे लाकडी होती. लाकूड पाण्याने फुगे आणि ड्रम मागच्या पाटीला घासू लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सन यांच्या कल्पनेतून भरीव ड्रमऐवजी बारीक आऱ्यांचा हलका ड्रम आला. रेडिच येथील ऑलकॉक कंपनीने तो ‘एरियल’ या नावाने बाजारात आणला. वाहत्या पाण्यात फ्लोट सोडायचा आणि प्रवाहानेच ड्रममधून तंगूस ओढून न्यायचा, ही तिथली पद्धत. संथ पाण्यात ही ओढ फारच नाजूक असते. रिळाची सगळी निगा राखायची ती या नाजूक ओढीसाठी.

इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात गोड्या पाण्यातील बहुतेक माशांची गळाने मासेमारी बंद असते. रीळ पूर्ण उघडून साफ करायला हा काळ सोयीचा. ड्रम काढण्यासाठी काही रिळांत मधला खटका दाबावा लागतो, काहींत स्क्रू सोडवावा लागतो. ड्रम नेहमी सरळ ओढावा. तिरका ओढल्यास ड्रमच्या भोकातल्या बुशच्या तोंडावर ओरखडा उठतो. पिन मात्र पाटीतून कधीही काढू नये. कारखान्यात साधलेला तिचा काटकोन घरच्या हत्यारांनी परत मिळत नाही.

पिनवरचे जुने तेल धागे न सुटणाऱ्या सुती कापडाने पुसावे. ड्रमच्या भोकात कापड गुंडाळलेली लाकडी काडी फिरवावी. निघालेली मळी नीट पाहावी. ती नुसती काळपट असेल तर जुने तेल आणि धूळ. पितळी चमक दिसली तर बुश झिजू लागला आहे. पॉलिश पेपर पिनवर चालवण्याचा मोह टाळावा. पिन आणि बुश यांच्यातली फट इतकी थोडी असते की पिन जराशी घासली गेली तरी ड्रम डुगडुगतो, आणि हा दोष पुढे घालवता येत नाही. यानंतर पातळ तेल द्यावे. शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. जास्त तेल ड्रमला धरून ठेवते. ग्रीस पिनवर नकोच, कारण फ्लोटची ही मासेमारी थंडीतही चालते आणि गारठ्यात ग्रीस घट्ट होते. रॅचेटच्या दातांना मात्र ग्रीसचा हलका हात चांगला.

खरे कसब पुढच्या जुळवणीत आहे. बऱ्याच रिळांत ड्रमच्या मध्यभागी एक बारीक स्क्रू असतो आणि त्याचे टोक पिनच्या टोकाला टेकते. स्क्रू आत गेला की ड्रम पाटीपासून दूर सरकतो, बाहेर आला की जवळ येतो. ड्रम फार जवळ आला तर घासतो. फार दूर गेला तर रॅचेटचा खटका नीट बसत नाही आणि तंगूस फटीतून मागे जाऊन पिनला गुंडाळला जातो. म्हणून आधी ड्रम घासेपर्यंत स्क्रू बाहेर घ्यावा, मग घासण्याचा आवाज थांबेपर्यंत किंचित किंचित आत न्यावा. स्क्रू जागी पक्का करणारा चेक नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, तेव्हा आवळल्यावर पुन्हा तपासणी हवीच. ड्रम बोटांत धरून मागे-पुढे हलवल्यास केसाएवढा प्ले जाणवावा. फिरत्या ड्रमची कड आणि पाटी यांतली फट कमी-जास्त होताना दिसली तर ड्रम वाकलेला आहे; तो दोष स्क्रूने जात नाही.

टिचकी मारल्यावर ड्रम किती मिनिटे फिरतो, यावर रिळाची पारख करण्याची सवय फार रुजली आहे. ती कसोटी अपुरी आहे. जड ड्रम एकदा वेगात आला की बराच वेळ फिरत राहतो, पण जागचा हलायला त्याला अधिक ओढ लागते. त्यापेक्षा तंगुसाच्या टोकाला छोटे वजन लटकवून पाहावे. ज्या रिळाचा ड्रम कमीत कमी वजनाने, धक्का न खाता सुरू होतो, ते नदीवर चांगले चालते.

तंगूस भरण्याचाही याच्याशी संबंध आहे. ड्रम रिकामा होत जातो तशी ओढ आसाच्या जवळून लागते आणि तेच घर्षण मोडायला जास्त जोर लागतो. म्हणून तळाशी जुन्या तंगुसाची भर घालून वर कामाचा तंगूस कडेच्या थोडा खाली राहील इतका भरावा. तो ओल्या बोटांच्या चिमटीतून ताणून गुंडाळावा. सैल वेढ्यांत वरचा वेढा रुततो आणि वाहता फ्लोट मध्येच अडतो. पावसात वापरलेले रीळ तसेच पिशवीत बंद करू नये. ड्रम काढून पिन पुसावी, रॅचेटचा खटका सोडून ठेवावा आणि दोन्ही भाग हवेवर वाळल्यावरच रीळ पुन्हा जोडावे.