लक्षात न येणारे कपडे

वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, वाड्यामागे कृष्णेवरचा घडीव दगडी घाट आहे आणि घाटावर वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. 2004 मध्ये आलेल्या 'स्वदेस'मधले चरणपूर इथेच उभे राहिले. आशुतोष गोवारीकरांच्या कथेत हे गाव उत्तर प्रदेशातले. म्हणजे नदी सातारा जिल्ह्यातली, दगड पेशवाईतला आणि माणसे मात्र थेट गंगेकडची दिसायला हवीत. मेणवलीच्या एखाद्या आजीची कासोट्याची नऊवारी किंवा पारावरच्या म्हाताऱ्याची गांधी टोपी कॅमेऱ्यात आली असती, तर चरणपूर तिथल्या तिथे उघडे पडले असते. ते पडले नाही, यात वेशभूषाकाराचा वाटा मोठा होता. चित्रपट आला तेव्हा भानू अथैया पंचाहत्तर वर्षांच्या होत्या.

भानूताईंचे नाव निघाले की आठवते ते ऑस्कर. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासह मिळालेले, कोणत्याही भारतीयाला मिळालेले पहिले. ते मोठेच आहे. पण त्यांची खरी थोरवी पुरस्कारापेक्षाही अवघड गोष्टीत आहे. प्रेक्षकाला कपडा दिसूच नये, माणूस दिसावा, असे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले.

त्यांचा जन्म 28 एप्रिल 1929 चा, कोल्हापुरातल्या राजोपाध्ये घराण्यातला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते; मुलीच्या हातात कुंचला आला तो त्यांच्यामुळे. ते लवकर गेले, पण चित्रकला सुटली नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेली ही मुलगी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांबरोबर 1953 च्या प्रदर्शनात होती. चित्रकार म्हणूनच त्या पुढे गेल्या असत्या, तर आज त्यांची गोष्ट निराळ्या पानांवर छापली गेली असती. पोटापाण्यासाठी त्या 'इव्ह्ज वीकली'सारख्या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटने करू लागल्या. पुढे साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटीक काढले तेव्हा कागदावरचे कपडे प्रत्यक्षात शिवले जाऊ लागले आणि कामिनी कौशल, नर्गिस अशा नट्या तिथे येऊ लागल्या. तिथून सिनेमा फार लांब नव्हता.

दक्षिण महाराष्ट्राला कपड्याचे नाटकी सामर्थ्य आधीपासून ठाऊक होते. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. पुढे त्याच मातीतले, नागठाण्याच्या राजहंस घराण्यातले नारायण श्रीपाद म्हणजे बालगंधर्व यांनी रंगभूमीवरचा स्त्रीवेश इतका देखणा केला, की घरंदाज बायका त्यांच्या शालूची नेसण, पदराची घडी, अंबाड्यावरचा गजरा आपापल्या घरी उचलू लागल्या. आज ज्याला फॅशन म्हणतात, ते मराठी मुलखात असे नाटकाच्या तिकिटावर आले. प्रेक्षागृहात बसून साडीचा काठ डोळ्यांत साठवून घेणाऱ्या बायकांचा हा प्रदेश, आणि भानूताई वाढल्या त्या इथेच.

त्यांनी स्वतःही फॅशन घडवली, आणि मनापासून घडवली. 'श्री 420'मधल्या नादिराचा अंगासरसा झगा, 'वक्त'मधल्या साधनाचे चुडीदार-कुर्ते, 'ब्रह्मचारी'त मुमताजची नाचता यावे म्हणून घट्ट बसवलेली केशरी साडी. ती साडी नंतर कितीतरी समारंभांत दिसली. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. तिथल्या आकृतींची कंचुकी, मेखला, केसांची ठेवण पडद्यावर आणताना इतिहास आणि नटीचे सौंदर्य दोन्ही सांभाळायचे, ही कसरत चित्रकाराच्या डोळ्याशिवाय जमणारी नव्हती.

हॉलिवूडमध्ये एडिथ हेड यांनी याच कामासाठी आठ ऑस्कर मिळवली. त्यांच्यामागे पॅरामाउंटचा भलामोठा वेशभूषा विभाग होता. मुंबईत मास्टरजी, जरीकाम करणारा कारागीर आणि सेटवरचा ड्रेसमन यांच्या भरवशावर काम चाले. भानूताईंची रेखाटने म्हणूनच इतकी नेमकी असावीत. कापड कुठे चुणायचे आणि कुठे सुटे ठेवायचे, हे चित्रानेच सांगायला हवे होते.

'गांधी'च्या वेळी नेमकेपणाची कसोटी लागली. चित्रपटातला जीवनपट 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीतून उतरवल्या जाणाऱ्या सुटाबुटातल्या बॅरिस्टरापासून सुरू होतो आणि 1948 पर्यंत येतो. 1915 ला मायदेशी परतलेले गांधीजी काठियावाडी अंगरखा आणि फेट्यात, तर 1921 च्या सप्टेंबरात मदुराईला ते पंचा नेसतात. या माणसाचे राजकारण त्याच्या अंगावर लिहिलेले होते. एका टप्प्याचा कपडा दुसऱ्या टप्प्यात घुसला, तर गोष्टच खोटी ठरावी. ब्रिटिश गणवेश मोलो यांनी पाहिले; भारतीय बाजू भानूताईंची. त्यात नेत्यांबरोबर शेतकरी होते, मजूर होते, आणि अंत्ययात्रेच्या दृश्यात तर तीन लाखांवर माणसे. खादी नवीकोरी दिसली की फसलीच. म्हणून या धंद्यात कापड पुन्हा पुन्हा धुतात, चहाच्या पाण्यातून काढतात, कोपरांशी आणि काठाशी घासतात. मग कुठे ते रोज वापरातले वाटते.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे सांगावे लागू नये. 1943 ते 1946 च्या प्रतिसरकारात, म्हणजे दोन्ही जिल्हे एकच होते तेव्हा, नाना पाटलांच्या माणसांनी गावोगाव साधी, कर्ज न काढता होणारी गांधी लग्ने लावली. खादी आणि टोपी इथे पुढाऱ्यांचा पोशाख राहिली नव्हती, ती घरातल्या दोरीवर वाळत होती. प्रतिसरकार सुरू झाले तेव्हा शेजारच्या कोल्हापुरात भानू चौदा वर्षांची होती. हे सगळे तिच्या आसपास चालले होते. पडद्यावरची खादी तिच्या हातून इतकी खरी उतरली, याचे नवल वाटत नाही.

'लेकिन'साठी आणि नंतर 'लगान'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'लगान'मधल्या अकरा खेळाडूंचे कपडे बघावेत. सगळे गरीब, बहुतेक एकाच गावचे, पण दुरून पाहिले तरी कोण कोण ते कळते. 'स्वदेस'मध्ये याच्या पुढचे पाऊल आहे. कथा जवळजवळ वर्तमानातली, म्हणजे आधाराला इतिहासही नाही. त्यात हरिदास नावाचा एक विणकर येतो. हातमाग चालेनासा झाल्यावर तो शेतीकडे वळला, आणि गावाने त्याला पाणी नाकारले. दुसऱ्यांना कपडा देणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असेल? तिथे कुंचल्याची एक रेघ जास्त झाली असती तरी प्रसंग भडक झाला असता. नासातून आलेला नायक मोहन हरिदासच्या घरातून बाहेर पडतो तेव्हा प्रेक्षकाचा गळा दाटतो, आणि कपड्यांकडे कुणाचेही लक्ष गेलेले नसते.

2010 मध्ये त्यांनी वेशभूषेवर पुस्तक लिहिले. 2012 मध्ये ऑस्कर अकादमीकडे परत सोपवले. रवींद्रनाथांचे नोबेल पदक शांतिनिकेतनातून 2004 मध्ये चोरीला गेले होते; त्यामुळे आपल्या मागे ऑस्करच्या पुतळ्याचे काय होईल याची काळजी भानूताईंना होती. 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्या गेल्या, आणि त्याच वर्षी त्यांच्या संग्रहातल्या वस्तूंचा लिलाव झाला. मायदेशात ते ऑस्कर सुरक्षित राहील असे त्यांना वाटले नाही, ही गोष्ट आपल्याला लागायला हवी.

सातारा जिल्ह्यातच औंधला भवानी वस्तुसंग्रहालय आहे. ते उभारणारे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढत, आणि त्यांच्या संस्थानाच्या 1939 च्या स्वराज्य घटनेला गांधीजींचा हात लागलेला होता. 'गांधी'ची किंवा 'स्वदेस'ची काही रेखाटने, निदान त्यांच्या प्रती, तिथल्या एका दालनात लागल्या, तर वाई-मेणवली पाहायला येणारा माणूस तासा-दोन तासांच्या वाटेवर जाऊन त्या बघू शकेल. सांगलीच्या नाट्यसंस्थांनी आणि कोल्हापूरच्या कलाशाळांनी मिळून हे मागायला हवे, आणि अजून उशीर झालेला नाही.