सीट मऊ नको, मापाची हवी

आज चामड्याच्या सीटबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण साताऱ्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर लांबवणं मला पटत नाही. त्यांनी नवी गिअरची सायकल घेतली. पहिल्याच दिवशी बसायची जागा ठणकायला लागली म्हणून दुकानदाराने जेलचं कव्हर चढवून दिलं. चार दिवस बरं वाटलं. आता अर्ध्या तासात मुंग्या येतात. त्या विचारतात, याहून जाड कव्हर घेऊ का?

नका घेऊ, ताई. आहे तेही काढून ठेवा.

लाकडी पाटावर ताठ बसा आणि दोन्ही तळहात बुडाखाली सरकवा. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ही बैठकीची हाडं. सायकलवर शरीराचा भार पेलायचा तो याच दोन हाडांनी. त्यांच्या मधली जागा नाजूक असते. तिथून नस जाते, रक्तवाहिन्या जातात, आणि तिथे भार घ्यायची शरीराची काहीच तयारी नसते. फार मऊ गादीवर बसलं की हाडं आत रुततात आणि त्यांच्या मधला जेल वर उचलला जाऊन नेमका त्या नाजूक जागेवर दाबतो. दुकानात अंगठ्याने दाबून सीट पसंत करायची आपली पद्धत म्हणूनच फसवी आहे. अंगठ्याला जे सुखाचं वाटतं, ते तासाभराने नसेला जाचतं.

इथे दोन दुखण्यांतला फरक ओळखायलाच हवा. हाडांखाली ठणका लागतो तो नवशिक्याला लागणारच. रोज थोडं थोडं चालवत राहिलात तर दोनतीन आठवड्यांत अंगवळणी पडतं. मुंग्या आणि बधिरपणा मात्र एक दिवसही सोसायचा नाही. 'सवय होईल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लगेच पॅडलवर उभं राहा, रक्त फिरू द्या, आणि घरी आल्यावर सीट बदलायचा किंवा नीट लावायचा विचार करा. उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर थेट डॉक्टरकडे जा.

ही तक्रार सायकलीइतकीच जुनी आहे. 1890च्या दशकात अमेरिकेत ख्रिस्टी नावाची सीट विकली जायची. दोन हाडांखाली दोन वेगळ्या गाद्या आणि मध्ये मोकळी जागा. जाहिरातीत चक्क कमरेच्या हाडांचं चित्र असायचं, सीटवर टेकलेलं. मला ती जाहिरात फार आवडते, कारण सीट विकताना तिने हाडं दाखवली. पुढे जग ते विसरलं. 1997 मध्ये बॉस्टनचे मूत्रविकारतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टाइन यांनी सायकलच्या सीटवर जाहीरपणे बोट ठेवलं, मोठी खळबळ उडाली आणि मधोमध खाच असलेल्या सीटांचं पेव फुटलं. खाच अनेकांना उपयोगी पडते, पण सीटची रुंदी चुकली असेल तर खाचही काही करू शकत नाही. हाडं सीटच्या बाहेर लोंबत असतील तर भार मध्येच येणार.

तेव्हा आधी माप. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या, जिन्याच्या पायरीवर ठेवा आणि पातळ कपड्यात त्यावर बसा. टाचा थोड्या उचला, किंचित पुढे वाका, अर्धा मिनिट तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसत नसतील तर आडवा खडू हलक्या हाताने फिरवा, खळगे कोरे राहतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. बहुतेकांचं अंतर 100 ते 150 मिलिमीटरच्या आसपास भरतं. बायकांचं सरासरीने जास्त असतं, पण वजनाशी किंवा देहाच्या आकाराशी याचा फारसा संबंध नाही. सडपातळ माणसाची हाडं लांब असू शकतात आणि धिप्पाडाची जवळ. नजरेने माप काढणारा दुकानदार चुकतो तो इथेच.

या अंतरात 20 मिलिमीटर मिळवा, ती खूप वाकून चालवणाऱ्याच्या सीटची रुंदी. ताठ बसणाऱ्याने 30 किंवा थोडे अधिक मिळवावेत. कारण माणूस जसा पुढे झुकतो तशी कंबर पुढे फिरते आणि भार हाडांच्या पुढच्या, एकमेकांजवळ येणाऱ्या भागावर सरकतो. आजोबांच्या काळ्या सायकलवरची स्प्रिंगची रुंद सीट त्यांना त्रास देत नसे, कारण हँडल उंच आणि पाठ ताठ. तीच सीट वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलवर बसवली तर दोन मैलांत मांड्या सोलून निघतील.

माप जुळलं तरी सीट लावायची कशी, हे उरतंच. सुरुवातीला ती गवंड्याच्या लेव्हलने अगदी समपातळीत लावा. समोर दाब वाटला तर सीटचं नाक अगदी किंचित, एकदोन अंशच, खाली करा. त्याहून जास्त केलंत तर माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. उंची अशी ठेवा की पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ होईल. सीट उंच असेल तर प्रत्येक फेरीला कंबर डावीउजवीकडे हलते आणि कातडी घासते. फार खाली असेल तर पायांवर जायचा भारही बुडावरच पडतो. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणारे अनेकजण याच कारणाने कळवळत असतात.

पॅडच्या चड्डीबद्दल एकच सांगतो: तिच्या आत दुसरं काही घालू नका. शिवण घासते.

ताई, कव्हर काढून, पुठ्ठ्यावर माप घेऊन मला पुन्हा लिहा. बाकीच्यांनीही लिहावं. मात्र तीन गोष्टी जरूर कळवा: दोन खळग्यांमधलं अंतर, हँडल सीटच्या वर आहे की खाली, आणि दुखतं ते हाडांखाली की मध्ये.