चिंच लावण्याआधी जरा थांबा!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेतात घराचा पाया खणताना गड्याला मातीत एक कडं सापडलं. हिरवंगार, ओबडधोबड. त्याने ते आणून सासूबाईंच्या हातात दिलं. "तांब्याचं दिसतंय गं," त्या म्हणाल्या. मग काय, मीच चिंच आणि मीठ घेऊन बसले! अर्ध्या तासात कडं लखलखलं. पुढे दिवाळीला मोडीत गेलं आणि त्यात थोडे पैसे घालून नवा गंज आला. तो गंज आजही आमच्या घरात आहे. पण ते कडं किती जुनं होतं, कुणाच्या हातातलं होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. माझ्या त्या चिंचेची मला अजून चुटपुट लागते.

मैत्रिणींनो, आपल्या बांगडीत नेहमी अडकवलेली ती सेफ्टी पिन आठवा. अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी तिचं पेटंट 1849 साली घेतलं, पण ती कल्पना हजारो वर्षं जुनी. युरोपातल्या थंडीत अंगावरचा जाड झगा खांद्यावर अडकवायला बायका-पुरुष पितळेचे, चांदीचे ब्रूच वापरत. त्यांतले कित्येक नीट पाहिले तर चक्क सेफ्टी पिनच! आयर्लंडमध्ये 1850 साली समुद्रकाठी सापडलेला 'तारा ब्रूच' तर बाराशे वर्षांहून जुना. इंग्लंडमध्ये आज हौशी लोक धातुशोधक यंत्र घेऊन शेतं धुंडाळतात. सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची योजना तिथे 1997 पासून आहे आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत.

आपल्याकडे लुगडं नेसायचं, त्याला ब्रूच कशाला? आपल्या पूर्वज बायकांची हौस हातात आणि गळ्यात. नागपूरजवळच्या माहुरझरीला 1970 नंतर उत्खनन झालं, तेव्हा मोठमोठ्या दगडांच्या वर्तुळांखाली तांब्याच्या बांगड्या, सोन्याचे दागिने आणि तांबड्या अकीकाचे सुरेख मणी मिळाले. घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिनेसुद्धा! म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या विदर्भात घोडाही नटत होता.

मला सर्वांत चटका लावला तो नेवाशाच्या माळेने. डॉ. सांकलिया यांनी तिथे 1954 ते 56 या काळात उत्खनन केलं. एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत चक्क दोरा शिल्लक होता! रेशीम आणि कापूस यांचा तो दोरा तीन हजार वर्षं टिकला कसा? तांब्यावर चढलेल्या हिरव्या गंजामुळे. तांब्याचे क्षार कुजवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. आपण ज्याला मळ समजून घासतो, त्यानेच एका आईने ओवलेला दोरा जपून ठेवला. ती माळ कुणी चिंचेने घासली असती तर?

अशा वस्तू फक्त विद्वानांनाच सापडतात असंही नाही. 1870 साली बालाघाटकडच्या गुंगेरियात गुरं राखणाऱ्या पोरांमुळे तांब्याची 424 हत्यारं आणि चांदीचे 102 पातळ पत्रे उजेडात आले. काही पत्रे बैलाच्या तोंडाच्या आकाराचे आहेत. ते सगळं वेळीच साहेबाच्या कानावर गेलं, म्हणून वाचलं. नाहीतर त्याचीही भांडी झाली असती!

आमच्या गडचांदूरकडे तर चुनखडीच्या खाणी, घरांचे पाये, विहिरी. खोदकाम सदा चालूच. तेव्हा असं काही हाती लागलं तर एवढं लक्षात ठेवा:

पाणी, चिंच, लिंबू, राख, काही लावू नका. माती तशीच असू द्या. वस्तू कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात सैल गुंडाळा.

कुठे, किती खोल, जवळ आणखी काय होतं (हाडं, खापरं, मणी) ते लगेच वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा. जागा कळली नाही तर वस्तू अर्धी मुकी होते.

आणखी सापडेल म्हणून स्वतःहून उकरू नका. संरक्षित स्मारकाच्या जागी तर तो गुन्हाच आहे.

तहसील कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली की कळवावंच लागतं. लपवली तर शिक्षा आहे.

"सरकार सगळं फुकट घेऊन जाईल" ही भीती घरोघर असते. पण त्याच कायद्यात सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, असं लिहिलेलं आहे. मालक सापडला नाही, तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटाही ठरलेला आहे. मोडीत दिल्यावर सोनार-तांबट तरी वजनापलीकडे काय देतो?

परवा शेतात नांगरताना एक मणी मिळाला. माझी मुलगी तो धुवायला मोरीकडे धावली. मी तिला दारातच थांबवलं. आधी वही आणली.