चार वाजताची भूक, लेखांक ६ : लाह्यांचा डबा

मागच्या आठवड्यात आपण पाकिटामागचं लेबल वाचलं. बटाट्याच्या वेफर्समध्ये वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतं आणि शंभर ग्रॅममागे कॅलरी ५०० च्या पुढे जातात, इथवर आलो होतो. यावर घरोघरी ठरलेलं उत्तर येतं, "कळतं हो सगळं, पण पोरं शाळेतून आल्या आल्या त्यांच्या हातात द्यायचं काय?" प्रश्न रास्त आहे. पाकीट जिंकतं ते चवीपेक्षा तयार असण्यावर. पोहे करायचे तर कांदा चिरा, फोडणी करा, वाफ येईपर्यंत थांबा. तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट येऊन रिकामंही झालेलं असतं. म्हणून आज असा खाऊ घेऊ, जो रविवारी करून डब्यात भरला की आठवडाभर फक्त झाकण उघडायचं काम उरतं. ज्वारीच्या लाह्या.

लाह्या आपल्याला आठवतात त्या श्रावणात. नागपंचमीला बाजारात ढीग लागतात, नागोबाला दूध-लाह्या वाहतात आणि मग वर्षभर त्यांची कुणाला आठवण राहत नाही. मक्याच्या लाह्या मात्र मल्टिप्लेक्समध्ये बादलीभर घेतल्या जातात आणि तिथे भावाची घासाघीस करायला कुणी धजत नाही. असो.

लाही फुटते कशी, हे एकदा समजलं की घरी करताना अर्ध्या चुका आपोआप टळतात. दाण्याच्या आत पिष्ट असतं आणि थोडं पाणी. बाहेरून टणक साल. कढईत दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, पण सालीमुळे तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणजे प्रत्येक दाणा हा शिट्टी नसलेला छोटा कुकरच. दाब वाढत जातो, आतलं पिष्ट मऊ होतं, आणि साल फाटली रे फाटली की ते फुलून बाहेर येतं आणि तिथल्या तिथे वाळतं. मक्याच्या दाण्यात हे १८० अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं. ज्वारीलाही कढई चांगलीच तापलेली लागते.

आता न फुटलेले दाणे, म्हणजे गणंग, का उरतात ते पाहा. आच कमी पडली तर वाफ सालीतून हळूहळू झिरपून जाते, दाब तयारच होत नाही आणि दाणा फुटण्याऐवजी नुसता करपतो. दाणा चिरलेला किंवा किडका असेल तर वाफेला आयतीच फट मिळते. आणि दाणा फार कोरडा असेल तर मुळात वाफ व्हायला पाणीच नसतं. घरच्या ज्वारीचं बहुतेक वेळा हेच दुखणं असतं. उन्हं दाखवून कोठीत ठेवलेली ज्वारी टिकायला उत्तम, पण लाह्यांना कोरडी पडते. जुन्या बायका ज्वारी गरम पाण्यातून काढून, निथळून, रात्रभर फडक्यात बांधून ठेवायच्या आणि सकाळी जरा सुकवून भाजायच्या, त्यामागचं कारण हेच.

आपण तेच जरा मापात बसवू. पाव किलो ज्वारी निवडून घ्या, फुटके दाणे काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून वर मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर पाणी शिंपडा. झाकण लावून डबा चांगला हलवा. रात्री झोपण्याआधी आणखी एकदा हलवा. सकाळपर्यंत पाणी दाण्यात मुरलेलं असतं आणि दाणे हाताला ओले लागत नाहीत. ओलसर वाटलेच तर कापडावर तासभर पसरा.

कढई लोखंडाची, जाड बुडाची. नॉनस्टिक नको, ती इतकी तापवायची नसते. आच मोठी ठेवा आणि चार दाणे टाकून बघा. काही सेकंदांत उडाले तर कढई तयार आहे. तळाशी पडून नुसते लाल झाले तर अजून थांबा. मग एका वेळी मूठभरच ज्वारी टाका. इथे लोकांचा हात सुटतो. वाटीभर ज्वारी एकदम ओतली की कढई गार पडते आणि गणंगांचा ढीग होतो. सुती कापडाचा घट्ट बोळा करून तो दाण्यांवर गोल फिरवत राहायचं. त्याने दाणे सगळीकडून तापतात आणि उडालेल्या लाह्या ओट्यावर जात नाहीत. बोळा लांब दांडीच्या चमच्याला बांधलात तर हात भाजणार नाही. तडतड मंदावली की लगेच ताटात काढा, शेवटच्या चार दाण्यांची वाट बघत बसलात तर आधीच्या लाह्या तांबूस होतात. सगळं झालं की चाळणीतून चाळा. गणंग खाली पडतात, ते दाताखाली येऊ देऊ नका.

एवढं करूनही लाह्या बारक्या आणि थोड्याच फुटल्या तर स्वतःला दोष देऊ नका, ज्वारीच तशी असेल. भाकरीला चांगली ती लाह्यांना चांगली असेलच असं नाही. लाह्यांना आतून काचेसारखा कठीण दाणा लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर लाह्यांसाठी 'फुले पंचमी' हे वेगळं वाणच काढलं आहे, जसं हुरड्यासाठी 'फुले उत्तरा'. शहरात वाणाचं नाव सांगून ज्वारी मिळत नाही. तेव्हा दोन दुकानांतून पावशेर-पावशेर आणून ज्या ज्वारीच्या लाह्या चांगल्या फुटतील ते दुकान धरून ठेवा. पावशेर ज्वारीला जे पैसे पडतात, त्यात वेफर्सची एक-दोन लहान पाकिटं येतात आणि ती मिळून शंभर ग्रॅमही भरत नाहीत.

राजगिऱ्याला ही रात्रीची खटपट लागत नाही. कढई तशीच कडक तापवायची, चमचाभर राजगिरा टाकायचा, बोळा फिरवायचा. काही सेकंदांत पांढरा फेस यावा तशा लाह्या उसळतात. दाणा इतका बारीक की क्षणभर दुर्लक्ष झालं तरी जळतो, म्हणून चमच्यापेक्षा जास्त घेऊ नका. धान्यांमध्ये एरवी कमी पडणारं लायसिन हे अमिनो आम्ल राजगिऱ्यात चांगलं असतं. उपासाचं म्हणून तो बाजूला ठेवण्यात अर्थ नाही. गरम दुधात वाटीभर लाह्या आणि थोडा गूळ, एवढ्यावर पोरांचं भागतं. एसटी स्टँडवर मिळतात तसे लाडू करायचे तर गुळाचा पाक पक्का हवा, थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी झाली पाहिजे. मात्र गूळ म्हणजे औषध नव्हे. तोही साखरेचाच भाऊ, तेव्हा लाडू दिवसाला एक.

चुरमुरे आणि फुटाणे घरी करण्याच्या फंदात पडू नका. चुरमुऱ्यांना उकडा तांदूळ आणि तापलेली वाळू लागते, फुटाण्यांना भट्टीची धग. भडभुंज्याचं काम त्याच्याकडेच राहू द्या, आणि तुमच्या गावात अजून भट्टी असेल तर पाकिटातले घेण्याऐवजी तिथूनच घ्या. ताज्या फुटाण्यांची चव वेगळी असते. शंभर ग्रॅम फुटाण्यांत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. चुरमुऱ्यांचं मात्र उलट आहे. टोपलीभर दिसतात, वजनाला नगण्य, आणि नुसते खाल्ले तर तासाभरात पुन्हा भूक. भडंगात शेंगदाणे आणि डाळं सढळ हाताने का घालायचे, ते यावरून कळेल.

लाह्यांनाही जोडीला हेच लागतं. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद, त्यात शेंगदाणे आणि डाळं परतून, गॅस बंद करून मग लाह्या घालायच्या. मीठ शेवटी आणि बेताने. शेंगदाणे घेताना एक पथ्य पाळा. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे निवडून फेकून द्या आणि खाताना कडवट लागला तर थुंका. बुरशीतून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं आणि पावणेदोनशेच्या आत कॅलरी असतात. मूठ पुरे, वाटी नको.

उरलेल्या लाह्यांचं काय, तर मिक्सरमधून पीठ. माझ्या मते लाह्यांचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. वाडग्यात चार चमचे पीठ घ्या, ताक घालून सरसरीत कालवा, मीठ घाला, वरून हिंग, जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्या. पाच मिनिटं थांबा, पीठ ताक पिऊन फुगतं, तेव्हा लागलंच तर आणखी ताक घाला. दात नसलेल्या आजोबांपासून परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या नातीपर्यंत सगळ्यांना चालतं, आणि शिजवायचं काहीच नाही.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा लाह्या देऊ नका, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यांना हे पीठच द्या, दुधात किंवा ताकात.

लाह्या हवेतली ओल झपाट्याने ओढतात. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात सादळल्या तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, पुन्हा कुरकुरीत होतात. डबा मात्र मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा, माळ्यावर नको. पुढच्या आठवड्यात मोड आलेली कडधान्यं घेणार आहोत. त्यासाठी वाटीभर मटकी आणि एक स्वच्छ सुती फडकं तयार ठेवा.