फॅलेनॉप्सिसची कुंडी नेमकी कधी बदलायची?

फॅलेनॉप्सिसची मुळं कुंडीबाहेर डोकावली की कुंडी लहान पडली, असं समजून मोठी कुंडी आणली जाते. पण हे ऑर्किड मुळात झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारं; त्याची मुळं हवेत येणारच. कुंडी बदलायचं खरं कारण आतलं मिश्रण. सालीचे तुकडे साधारण दोन वर्षांत कुजून भुसभुशीत होतात, पाणी धरून ठेवतात आणि हवेअभावी मुळं सडतात. फुलं असताना हात लावू नये, हे खरंच. बहर ओसरून मुळांना नवी हिरवी टोकं फुटली की वेळ उत्तम. मात्र सड लागली असेल तर फुलांचा मोह सोडा, दांडा कापा आणि लगेच कुंडी बदला.

मुळं भिजवून सैल करा, मग बोटाने दाबून पाहा. टणक, रुपेरी किंवा हिरवं मूळ जिवंत असतं. जे तपकिरी, पोकळ आहे, ज्याचं आवरण ओढताच निसटून आत नुसता दोरा उरतो, ते स्वच्छ कात्रीने कापा. मोठ्या कुंडीत रोप जोमाने वाढेल, ही अपेक्षा चुकीची, कारण जास्तीची साल ओलीच राहते. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच, भरपूर भोकांची कुंडी घ्या. आणि माती अजिबात नको!