खापरांवरील रेषा आणि अनामिक कुंभार

नांगरणीनंतर शेतात वर आलेली लाल-काळी खापरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांकडे निरुपयोगी म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. परंतु ज्यांनी एकही अक्षर लिहून ठेवले नाही, अशा माणसांचा इतिहास वाचण्याचे ते एक प्रमुख साधन आहे.

महाराष्ट्रातील चित्रित मृद्‌भांड्यांची सर्वांत प्रसिद्ध परंपरा जोर्वे या नावाने ओळखली जाते. संगमनेरजवळील जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्यावरून हे नाव पडले. ही भांडी चाकावर घडवलेली, पातळ आणि उत्तम भाजलेली असत. वाजवून पाहिली तर धातूसारखा नाद येई. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाने समांतर रेषा, चौकटी, आडव्यातिडव्या रेषांनी भरलेले शंकरपाळ्याचे आकार रेखाटलेले असत. लांब नळीची तोटी असलेले भांडे ही तिची खास ओळख होय. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावात कुंभाराची गोल भट्टीही सापडली. इ. स. पू. सुमारे १४०० ते १००० हा तेथील भरभराटीचा काळ होता. पुढील तीन शतकांत भांडी जाडीभरडी झाली, चित्रेही विरळ झाली. पाऊसमान घटून शेती खालावली, असे अभ्यासकांनी त्याचे कारण मांडले आहे. पोट भरेनासे झाले की हातातील रेषाही थकते, हेच यातून दिसते.

ही परंपरा विदर्भातही पोहोचली होती. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे तिचे अवशेष मिळाले. त्यानंतरच्या लोहयुगात नागपूरच्या परिसरात टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड येथे वस्ती करणाऱ्या लोकांनी काळी-तांबडी भांडी वापरली. भांडे पालथे ठेवून भाजले की आत हवा पोहोचत नाही. म्हणून आतील बाजू आणि काठ काळा राहतो. बाहेर हवा मिळते आणि मातीतील लोह लाल होते. रसायनशास्त्राचे पुस्तक नव्हते, तरी भट्टीतील हवा कशी आवरावी हे त्या कुंभाराला पक्के ठाऊक होते. श्रमातून आलेले हे ज्ञान ज्ञानच आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात होपी लोकांची अशीच थोर परंपरा आहे. तेथे चाक न वापरता मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभारतात आणि युक्का वनस्पतीच्या पानाच्या कुंचल्याने ते रंगवतात. १८९५ मध्ये सिक्याट्की या प्राचीन गावाचे उत्खनन झाले. त्या काळी नाम्पेयो ही कुंभारीण जुन्या खापरांवरील नक्षी अभ्यासत होती. तिने त्या शैलीला नवे जीवन दिले. उतारवयात दृष्टी मंदावल्यावरही ती स्पर्शाने भांडी घडवीत राहिली आणि घरातील माणसे ती रंगवीत. तिच्या वंशजांनी ही कला पुढे चालवली.

आपल्याकडे मात्र तसे घडले नाही. जोर्वेच्या कुंभाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही आणि त्याची नक्षी आज कोणत्याही माठावर उतरत नाही. प्लॅस्टिक व स्टीलच्या काळात कुंभाराचा चाकही अनेक गावांत थांबला आहे. ज्यांच्या हातांनी समाज उभा राहिला, त्यांची नावे इतिहासाने क्वचितच नोंदवली; म्हणून त्यांच्या हातच्या वस्तू जपणे हे आपले काम ठरते.

यासाठी फार मोठे साधन लागत नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या परिचयाच्या अजब बंगल्यात, मुलांना एकदा अवश्य न्यावे. शेतात वा टेकाडावर जुनी खापरे दिसली तर ती उचलून घरी आणू नयेत; जागा बदलली की त्यांची साक्ष निम्मी नाहीशी होते. ठिकाण टिपून ठेवावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. आमच्या विद्यार्थ्यांनी एवढी दृष्टी जरी सोबत नेली, तरी मातीत दडलेल्या अनामिक पूर्वजांना तो खरा आदर ठरेल.